रायबागकरांची चकाकती गाडी

सांगलीच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात शाल्मलीच्या क्लबला अगदी प्रवेशद्वाराजवळची जागा मिळाली होती. क्लबात उरले होते चार म्हातारे आणि ती. आज नवे सभासद मिळाले नाहीत, तर क्लब बंद करायचा असं ठरलं होतं. त्यांची एकुलती एक जुनी फियाट धूर सोडत मिरजेहून स्वतः धावत आली होती.

दुपारी प्रदर्शनाचे प्रायोजक रायबागकर आले. "हा खटारा मागे शौचालयाजवळ न्या. इथे माझी गाडी लागेल."

त्यांची चकाकती परदेशी गाडी ट्रकमधून उतरली होती आणि सहा माणसं तिला ढकलत होती. शाल्मलीनं नीट पाहिलं. गाडीचं नाक भलतंच वर उचललेलं होतं, पुढे वजनच नसल्यासारखं.

"हलवतो ना, साहेब," ती मोठ्यानं म्हणाली, तशी गर्दी जमली. "एकच विनंती. आमची गाडी चालत मागे जाईल, तुमचीही चालत पुढे येऊ दे. लोकांना बघू दे."

"त्यात काय! चालू कर रे!" रायबागकरांनी ड्रायव्हरला फर्मावलं.

ड्रायव्हर घुटमळला. "साहेब, आपण नुसता रंग करून घेतलाय. आत इंजिन नाहीये."

गर्दी खदखदून हसली. रायबागकर तोंड फिरवून निघून गेले. जागा वाचली. टाळ्या वाजवून गर्दीही हलली, ती थेट त्या बिनइंजिनाच्या गाडीसोबत फोटो काढायला.

शाल्मली सभासदत्वाचे कोरे फॉर्म धरून उभीच राहिली. क्लबचे अध्यक्ष सुतारकाका खुर्च्या मिटवू लागले.

"पोरी, त्याच्या गाडीत इंजिन नाही आणि आपल्या क्लबात माणूस नाही. चल, आवरू या."