खारीच्या भाजक्या शेंगा

फार फार वर्षांपूर्वी एका रानात प्राण्यांचा आठवडी बाजार भरायचा. गिऱ्हाईक वाढावं म्हणून सरपंच हत्तीने बाजारातली पायवाट रुंद केली आणि घोड्यांना दौडायला मोकळी करून दिली. तेव्हापासून ससे आणि कासवं जिवाच्या भीतीने घरीच बसली.

चार बाजार झाले, तरी खारीच्या भाजक्या शेंगा खपेनात. ती हत्तीकडे गेली. "सरपंच, मी आता दुसरं रान बघते."

"अगं, वर्दळ केवढी वाढलीय!"

"वाढलीय ना! माझ्या शेंगांवर दर बाजारी बोटभर धूळ बसते. घेता का शेरभर?"

हत्ती खजील झाला. पुढच्या बाजारी त्याने ससे-कासवांना बोलावून आणलं आणि स्वतः वाटेत आडवा उभा राहिला. "इथून पुढे दौडायचं नाही. चालायचं."

"कासवासारखं?" थोरला घोडा फुरफुरला.

"कासवाच्या मागून."

घोडा कुरकुरत चालू लागला. अर्ध्या वाटेत त्याच्या नाकपुड्या फुलल्या आणि तो थांबला.

"खारूताई, हा खमंग वास कधीपासून येतोय?"

"तुम्ही धावत होतात तेव्हापासून," खार म्हणाली आणि तिने शेंगांचं माप भरलं.