पिशवीतले गप्पी

सुधन्वा मोठा साहेब; त्याच्यापुढे तोंड उघडायची कोणाची टाप नव्हती, वडिलांचीही. वृद्धाश्रमातल्या खोलीत त्याने वामनरावांचं सामान लावलं आणि काचेच्या छोट्या टाकीत पाणी भरून गप्पी माशांची पिशवी शेजारी ठेवली.

"गोल्डफिश वाढतात, बाबा. एवढ्याशा टाकीत गप्पीच बरे. पण पिशवीची गाठ लगेच सोडू नका. आधी ती पंधरा मिनिटं पाण्यात तरंगू द्या. सवय होण्याआधी नव्या पाण्यात सोडलं, तर मासे दगावतात."

त्याने गाडीची किल्ली उचलली. बोलावं की नको, या विचारात वामनरावांनी दोनदा चष्मा पुसला.

"मलाही आजच नव्या पाण्यात आणलंयस. मग तू लगेच कसा निघालास?"

सुधन्वा किल्ली ठेवून खाली बसला.

पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली, तरी वामनरावांनी तरंगत्या पिशवीची गाठ सोडली नाही.