टिटवीचा अर्ज आणि राखेतली वीज

विषय : धुमसत्या डोंगराच्या उतारावर राहणाऱ्या टिटवीस, पिलांसह, वरच्या गुहेत जाण्याची परवानगी मिळणेबाबत.

मुलांनो, या डोंगराच्या अंगावर एक जंगल होते आणि तिथे ही टिटवी राहत असे. तिची पिले नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती. त्यांना पळता येत होते, उडता येत नव्हते. जंगलाचा कारभार कोल्ह्याकडे होता. डोंगर धूर ओकू लागला की कोल्हा सावरीचा कापूस हवेत सोडी आणि कापूस जाईल तिकडेच राख जाणार, असे जाहीर करी. आजवर ते खरे ठरले होते, त्यामुळे वर मान करून पाहण्याची गरज कोणाला वाटत नसे. गुहेत मात्र त्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकायचे नाही, असा नियम होता.

एके दिवशी डोंगर फुटला आणि राखेचा काळा ढग आभाळभर चढला. टिटवीने लगेच अर्ज केला. कोल्ह्याने कापूस उडवला, तो पूर्वेला गेला. "राख शेजारच्या जंगलात पडेल. ती त्यांची अडचण," कोल्हा म्हणाला. "तुमचा अर्ज सवडीने पाहू."

"टिटवीबाई, पाय वर करून झोपा," फांदीवरून कावळा म्हणाला. "आभाळ तुम्हीच पेलता म्हणे."

इतक्यात त्या ढगाच्या पोटातच वीज कडाडली. मग आणखी एक, मग कितीतरी. थोड्या वेळाने टिटवीच्या पंखावर राखेचे मोहरीएवढे दाणे टपकू लागले. तिने वर पाहिले. कापूस अजून पूर्वेलाच तरंगत होता, दाणे मात्र सरळ खाली येत होते. विजेच्या त्या धुमश्चक्रीत राखेचे कण एकमेकांना चिकटून जड झाले होते. त्यांना वारा कुठवर वाहून नेणार?

"साहेब, राख आपल्याच डोक्यावर येतेय," टिटवी म्हणाली.

"मूळ अर्जात विजेचा उल्लेख नाही," पाठीवरचे दाणे झटकत कोल्हा म्हणाला. "पुरवणी अर्ज द्या."

"देते. आधी पिलांना पोचवून येते."

तिने पिलांना पुढे घातले. धाकटे राखेत रुतले, त्याला चोचीने ढकलत तिने चढ चढवला. मागोमाग कावळाही आला.

संध्याकाळपर्यंत कोल्ह्याचे बीळ राखेने बुजले. कानापासून शेपटीपर्यंत करडा झालेला कोल्हा गुहेच्या तोंडाशी उभा राहिला. "टिटवीबाई, आत जागा आहे का?"

"जागा आहे, साहेब. पण परवानगी?" टिटवीने पिलांना सरकवून घेतले. "या आत. ते सवडीने पाहू."

तात्पर्य : कापूस काय सांगतो ते ऐकावे, पण अंगावर काय पडते तेही पाहावे, आणि पिले आधी हलवावीत, परवानगी मागून येते. टिटवीची अद्याप आलेली नाही. अर्ज विचाराधीन आहे.