बारा आणि चाळीस

एका गावात एक भोळी नकाशेवाली होती. नाव ऋजुता. परदेशात नकाशे शिकून ती चिंचखोपीला परतली. तिला वाटलं होतं, गावाला नकाशा ठाऊकच नसेल. पाहते तर काय, कोतवाल कोंडीबानानांच्या ट्रंकेत चौकटी आखलेला नकाशा, आणि नानांना तो तोंडपाठ.

गावात बस थांबत नव्हती. सुंदराक्का गुडघ्याच्या इंजेक्शनासाठी दर सोमवारी सहा किलोमीटर चालायची. थांब्याची जागा ठरली होती वडाखाली. नकाशात खालच्या डाव्या कोपऱ्यापासून चौकटी मोजून बारा, चाळीस.

ऋजुता नकाशावर आधी बारा चौकटी वर मोजत गेली, मग चाळीस उजवीकडे. खुणेचा झेंडा रोवला तो अक्काच्या स्वयंपाकघरात.

"अगं ए, दूध उतू चाललंय. झेंडा उचल!"

नाना म्हणाले, "पोरी, आधी उजवीकडं, मग वर."

"लक्षात ठेवते."

दुसऱ्या दिवशी ती थांब्याचा फॉर्म आणायला एसटीच्या आगारात गेली. खिडकी डावीकडे होती, तळमजल्यावर. ती आधी उजवीकडे गेली, मग वर. गच्चीचं दार मागून कुणीतरी लावलं. शेवटी शिडी लावून तिला उतरवलं.

फॉर्म बघून नाना म्हणाले, "ह्यात फूट मागितलेत. नकाशा साखळ्यांचा, एका चौकटीला एक साखळी. एक साखळी म्हणजे तेहतीस फूट. आकडा दिसला की तेहतीसनं गुणायचं."

"लक्षात ठेवते."

तेवढ्यात अक्का म्हणाली, "बाजारात चाललीस तर थांब्याच्या पूजेला दोन नारळ आण."

ती सहासष्ट घेऊन आली. टेम्पो करून.

"लगीन हाय का कुणाचं?" अक्काने विचारलं.

नानांनी कपाळावर हात मारला. "अगं, सांगितला तेवढाच आकडा धरायचा! गुणत बसायचं नाही!"

"लक्षात ठेवते."

मग तिने फॉर्म भरला. उजवीकडे बारा फूट, वर चाळीस फूट. सही केली, आगारात देऊन आली.

आगाराची माणसं आली, कोपऱ्यापासून फूट मोजले आणि थांब्याचा खांब रोवून गेली. नकाशाचा कोपरा होता तळ्याच्या मधोमध.

सोमवारी बस आली. वडाखाली अक्काने हात केला. ड्रायव्हरने तळ्यातल्या खांबाकडे बोट दाखवलं.

"थांबा तिकडं आहे, आजी. अधेमधे थांबायची परवानगी नाही."

बस गेली. अक्का गुडघे चोळत चालू लागली.

ऋजुताने रात्रभर आकडे तपासले. फॉर्मात बारा-चाळीस, खांबही बारा-चाळीसलाच. चूक कुठेच नव्हती. सकाळी तिने ठरवलं आणि आगाराला अर्ज लिहिला: चिंचखोपीला बसऐवजी होडी पाठवावी.