हिवरापाण्याचे माहेरफळ

तिला थोडा वेळ द्यायचा होता. एवढेच करायचे होते आणि तेवढेही कोणी केले नाही.

सातपुड्यातल्या हिवरापाण्यात पौषात गेलात, की घरोघरच्या परसात ही झाडे दिसतील. पान एकही नाही, फांद्यांवर नुसती केशरी फळे आणि बुंध्याला गुंडाळलेले जुने लुगडे. शहरात या फळाला पर्सिमन म्हणतात, इथे माहेरफळ. गावातले वयोवृद्ध लोटनबाबा पाहुण्यांना आधी झाडाजवळ उभे करतात, मग त्याची गोष्ट सांगतात.

फार जुनी गोष्ट, म्हणे. खिंडीपलीकडच्या गावातून केवळा नावाची मुलगी इथे सून म्हणून आली. तिचा बाप बैलांवर मीठ लादून पार उत्तरेच्या डोंगरांत जायचा. तिथून आणलेले रोप त्याने लेकीबरोबर दिले. केवळाने ते परसात लावले. कोवळे खोड थंडीने फुटू नये म्हणून ती त्याला आपले लुगडे गुंडाळायची आणि स्वतः कुडकुडायची.

काही वर्षांनी फळ धरले. ते केशरी होताच सासूने जंगलातल्या टेंभुर्णीचा हिशोब लावला, रंग आला म्हणजे पिकले. केवळा विनवत राहिली, "आत्याबाई, पानं गळू द्या, दहिवर पडू द्या." सासूने भावकीला बोलावून फळे वाटलीच. तुरटपणाने जिभा आखडल्या. कोणी थुंकले, कोणी हसले.

"बापानं झाडही असलंच दिलं अन् पोरगीही," एक जण म्हणाला.

नवरा खाली बघत राहिला. सासू म्हणाली, "बापाला घेऊन ये, मगच उंबरा चढ."

केवळा तशीच निघाली, अंगावरच्या लुगड्यानिशी. दुसरे झाडाला होते. त्या रात्री दव गोठून असे दहिवर पडले, की रानातले गवत पांढरे झाले. सकाळी गुराख्यांना ती खिंडीत सापडली, गारठून गेलेली. आणि इकडे परसात झाडावर उरलेली फळे पिकली होती. बोट लागताच रस सांडावा इतकी मऊ आणि गोड. सासूने त्यानंतर गोड कधी तोंडाला लावले नाही, असे सांगतात.

आजही दहिवर पडल्याशिवाय इथे कोणी फळाला हात लावत नाही. पहिले फळ गावातली सर्वांत नवी सून खिंडीत, केवळा सापडली तिथल्या दगडावर ठेवते. यंदा ते अश्विनीने ठेवले. आम्ही पाहुणे हळहळत उभे होतो. लोटनबाबांनी हात जोडले होते. पदराला हात पुसत अश्विनीने त्यांना विचारले, "पण बाबा, रात्रभर तिला शोधायला कोणीच निघालं नव्हतं?"