दौलताने उचललेला दोर

फार वर्षांमागची गोष्ट. एकदाच सांगतो. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जास्त लक्ष देऊन ऐकावी.

डोंगरमाथ्यावर एक गाव होते. तिन्ही बाजूंना सरळ कडे. पाणी शेंदायला दोर, गुरे बांधायला दोर, कड्यावरचा मध काढायलाही दोरच. म्हणून तिथे दोर वळणाऱ्याला मान होता. गावची एक जुनी रीत होती. ज्याने दोर वळला, त्यानेच आधी त्यावर कडा उतरायचा. मगच तो दोर दुसऱ्याच्या हाती द्यायचा.

रीत अवघड होती. लोकांनी ती सोडली. भिवराबाईने सोडली नाही.

भिवराबाई विधवा होती. अंगाने काटक, बोलायला कमी. पाण्यात अंबाडी पुरती कुजल्याशिवाय ती तिचा वाख, म्हणजे सालीचे धागे, सोलत नसे. सैल पीळ दिसला की उलगडून पुन्हा वळी. तिचे दोर थोडेच होत.

शेजारचा दौलता घाईचा माणूस. दोराच्या पोटात तो जुने सडके तुकडे भरी आणि वरून नवा वाख वळी. त्याच्या दारात दोरांचा ढीग लागे.

"भिवराबाई, अजून कड्यावर लोंबकळताय का?" तो हसे. "सुंभ जळेल, पण तुमचा पीळ जायचा नाही!"

"ज्या दोरावर मी लटकणार नाही, तो मी दुसऱ्याला देणार नाही," ती म्हणे. हात थांबत नसत.

गावात दोर वळायला लांब, सपाट जागा एकच होती, चिंचांच्या सावलीतली. दौलताने पाटलाकडे ती सगळी मागितली. जागा गेली की भिवराबाईची चूल विझणार होती. पाटील म्हणाला, "दोघेही आपापले दोर घेऊन चावडीवर या. बघू."

ठरल्या दिवशी गाव जमले. दौलताचा ढीग डोक्याएवढा उंच. भिवराबाईसमोर काखेत मावतील एवढे दोर.

"यात बघायचं काय?" दौलता म्हणाला. कुणीतरी हसले. पाटलाने घसा खाकरला.

तेवढ्यात एक गुराखी धावत आला. "दौलतादादा, तुझी पोर चंद्रा! करडामागं कड्यात उतरली अन् पायाखालची माती सुटली. कपारीला धरून हाय, लवकर चला!"

दौलता आपल्या ढिगाकडे झेपावला. एका दोराला हात घातला. आणि हात तिथेच थांबला.

क्षणभरच. मग तो वळला, भिवराबाईचा दोर उचलला आणि कड्याकडे धावत सुटला.

साऱ्या गावाने ते पाहिले.

कड्यावर भिवराबाईने दोर त्याच्या हातून काढून घेतला. "दोर माझा, उतरणार मी. तू वर धर." एक टोक तिने कातळाला बांधले, दुसरे कमरेला, आणि खाली सरकली. दोर दगडाच्या धारेवर करकरला. वरचे धागे झिजले. आतला पीळ हलला नाही. ती चंद्राला पाठीशी बांधून वर आली, तेव्हा गावाने अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या डोंगराने ती परत पाठवली. करडू आधीच वर येऊन पाला खात होते.

पाटील म्हणाला, "निवाडा मी काय करू? दौलतानं तो स्वतःच्या हातानं केला. जागा बाईंची."

दौलताने आपला ढीग गवत बांधायला वाटून टाकला. दुसऱ्या सकाळी तो मान खाली घालून चिंचांखाली आला. "बाई, शिकवा."

"वळ," ती म्हणाली. त्याने दिवसांमागून दिवस घालवून एक दोर वळला आणि तिच्यापुढे धरला. तिने दोराला हातही लावला नाही. कड्याकडे बोट केले.

"उतर."

दौलता उतरला. दोर टिकला. त्या दिवसापासून त्या गावचा दोर पंचक्रोशीत डोळे मिटून घेतला जाऊ लागला, आणि भिवराबाईच्या चुलीचा धूर कधी थांबला नाही.

बोध एवढाच: ज्या कामावर स्वतःचा जीव सोपवशील, तेच काम दुसऱ्याच्या हाती दे.