देवाचा वळू रुसला

माणसांचे पाय हीच माणसांची गाडी होती, तेव्हाची ही गोष्ट. एका देवळापाशी कोसल्या नावाचा देवाला सोडलेला वळू दिवसभर सावलीत बसून असे. भाविक त्याला गूळ आणि तेलकट वडे भरवत.

एके दिवशी त्याच्या पाठीवरच्या बगळीला पायांखाली धडधड जाणवली. "दादा, तुझं काळीज थकलंय!"

"काळीज कसलं?" खालून मुंगी म्हणाली. "याच्या मुतात साखर उतरलीय. आमचं अख्खं वारूळ तिकडे धावतंय!"

दोघी भांडू लागल्या. कोसल्या धापा टाकत म्हणाला, "बायांनो, दोघींचंही खरं आहे. दुखणी दोन, पण दोन्हींना बोलावणारा मीच, हा असा बसून खाणारा. असाच राहिलो तर पुढचा पोळा बघणार नाही."

तो उठला. पहिल्या दिवशी ओढ्यापाशीच मटकन बसला. बगळीला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी त्याने ओढा ओलांडला, आणि मग रोज थोडं पुढे. कुणी गूळ पुढे केला, की तो मान लववून गवताकडे वळे.

"देवाचा वळू रुसला की काय?" पुजारी हळहळले.

बगळीने अभिमानाने मान उंचावली. "रुसला नाही, बुवा. जगायला निघालाय."